अनुदानाची अट

निर्वासितांच्या मदतीस कायद्यानें अट घालणें निराळें आणि ती मदतच कायद्यानें तोडणें निराळें. १९४८ च्या युद्धांत बेघर झालेल्या पॅलेस्टिनी अरबांसाठीं संयुक्त राष्ट्रसंघानें ८ डिसेंबर १९४९ रोजीं 'उन्रवा' नामक संस्था स्थापिली. ती अन्न व औषधें पुरवितेच. परंतु तिचें खरें मोठें कार्य शाळांचें. २०२३ पर्यंत तिच्या सुमारें सातशें शाळांतून पांच लाखांवर मुलें शिकत, आणि शिकविणारेही बहुतेक निर्वासितच.

तिला मिळणारा आपला पैसा सशस्त्र टोळ्यांत शिक्षण घेणाऱ्यांच्या हातीं जाऊं नये, अशी अट अमेरिकेच्या १९६१ च्या परदेश-साहाय्य कायद्याच्या ३०१ व्या कलमांत आहे. ती रास्तच होय. दात्यानें हिशेब मागावाच. पुढें ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासनें इस्रायलवर केलेल्या हल्ल्यांत संस्थेच्या कांहीं सेवकांचा हात असल्याचा आरोप झाला. राष्ट्रसंघाच्या चौकशींत नऊ जणांचा संबंध असण्याचा संभव दिसला व त्यांस काढण्यांत आलें. अशा कृत्याचें समर्थन कोण करील? परंतु संस्थेचे सेवक सुमारें तीस हजार. आणि चौकशी पुरी होण्यापूर्वींच, मार्च २०२४ मध्यें, अमेरिकन काँग्रेसनें सबंध संस्थेचें अनुदान वर्षभरासाठीं कायद्यानें रोखलें.

अनुदान थांबणें म्हणजे काय, तें मास्तरास विचारावें! माझ्या नोकरींत एकदां हिशेबाचा दोष एकाचा निघाला. पगार मात्र आम्हां सर्वांचा पांच महिने अडला. मुलें रोज येतच होतीं.

भारतानें २०२४-२५ सालचे आपले पन्नास लाख डॉलर संस्थेस दिले. अमेरिकेनें एकट्या २०२२ सालीं तीस कोटींहून अधिक दिले होते.