प्रयोगशाळेत वाढणारे आतडे

पावसाळ्यात पाणी दूषित झाले की जळगाव-धुळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. असा त्रास देणारा मानवी नोरोव्हायरस कित्येक दशके प्रयोगशाळेत नीट वाढवता येत नव्हता. वाट मोकळी केली ऑर्गनॉइडने, म्हणजे मूलपेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या सूक्ष्म प्रतिकृतीने. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातील एकेका मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती वाढवली. मानवी पेशींच्या अशाच प्रतिकृतींत ह्यूस्टनच्या मेरी एस्टेस यांच्या गटाने २०१६ मध्ये नोरोव्हायरस वाढवला. या प्रतिकृतींत सहसा रक्तवाहिन्या, मज्जातंतू नसतात. म्हणून निष्कर्ष जपून काढावे लागतात. भारताने २०२३ मध्ये नियम बदलून औषधांच्या चाचणीत अशा पद्धतींना वाव दिला. संशोधन चालू राहील. घरात मात्र जुलाब लागताच ओआरएस सुरू करा आणि पाणी उकळूनच प्या.