बोलीशब्दांच्या संकेतस्थळीय नोंदी : स्टोअर्ड प्रोसीजर आणि ॲरे यांचा उपयोग

बोलीच्या क्षेत्रीय पाहणीत एकाच प्रश्नाला एकाच निवेदकाकडून अनेक उत्तरे मिळतात, हे पाहणीचे काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ‘मुलगा’ या अर्थाचा शब्द विचारला असता एखादा निवेदक प्रथम ‘पोरगा’ म्हणतो, क्षणभर थांबून ‘ल्योक’ म्हणतो, आणि शेजारी बसलेल्याने आठवण करून दिल्यावर ‘पोऱ्या’ या शब्दाची भर घालतो. या तीन शब्दांचे मोल सारखे नव्हे. आपसूक आलेला शब्द आणि सुचवल्यावर आलेला शब्द यांतील भेद अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. म्हणून शब्दांबरोबर त्यांचा क्रमही नोंदला गेला पाहिजे. वहीत हे आपोआप साधते, कारण तेथे ओळीखाली ओळ लिहिली जाते. हीच नोंद संकेतस्थळावरील अर्जातून डेटाबेसमध्ये जाऊ लागली म्हणजे मात्र क्रम, पूर्णता आणि लेखन या तिन्ही गोष्टी कोणीतरी मुद्दाम सांभाळाव्या लागतात. त्या कोणी व कोठे सांभाळाव्यात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम दोन संज्ञांचा खुलासा करणे इष्ट होईल. संकेतस्थळाच्या मागे निदान दोन यंत्रणा काम करीत असतात. अर्जातील मजकूर स्वीकारणारा प्रोग्राम ही पहिली. हा बहुधा पीएचपी, पायथन यांसारख्या भाषेत लिहिलेला असतो. माहिती जपून ठेवणारा डेटाबेस ही दुसरी. पहिली यंत्रणा दुसरीला एसक्यूएल भाषेतून आज्ञा देते. नेहमीच्या रीतीत या आज्ञा प्रत्येक वेळी प्रोग्रामकडून जातात. त्याऐवजी आज्ञांचा एक क्रम ठरवून, त्यास नाव देऊन, तो डेटाबेसमध्येच ठेवून दिला तर त्यास स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. मग प्रोग्रामने फक्त ते नाव उच्चारावयाचे आणि लागणारी मूल्ये हाती द्यावयाची. एकाच प्रकारच्या अनेक मूल्यांची, एका नावाने ओळखली जाणारी, क्रमबद्ध रांग म्हणजे ॲरे. निवेदकाची तीन उत्तरे ही अशीच एक रांग होय.

या सोयी नव्या नाहीत. ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत (१९९२) स्टोअर्ड प्रोसीजर होत्या. मायएसक्यूएलमध्ये त्या ५.० या आवृत्तीत (२००५) आल्या. प्रस्तुत लेखात आधारास घेतलेला डेटाबेस पोस्टग्रेस हा आहे. त्याचा उगम विद्यापीठातला आहे : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये या प्रकल्पास आरंभ झाला. त्यात ॲरे हा मूल्यप्रकार आहे, आणि मायएसक्यूएलमध्ये तो नाही. पोस्टग्रेसमध्ये फार काळ ‘फंक्शन’ तेवढी लिहिता येत असत. ‘प्रोसीजर’ या नावाची स्वतंत्र सोय ११ व्या आवृत्तीत (२०१८) आली. व्यवहारात दोहोंनाही प्रोसीजर म्हणण्याचा प्रघात आहे व येथेही तोच पाळला आहे.

आता प्रोसीजर न वापरता काय घडते ते पाहू. निवेदकाने सात शब्द दिले आहेत. प्रोग्राम ते एकामागून एक घेतो आणि डेटाबेसकडे सात वेळा जातो. या सात खेपांनी वेळ जातो हे खरे. परंतु वेळ ही येथे गौण गोष्ट आहे. चौथ्या खेपेस संपर्क तुटला तर तक्त्यात तीन शब्द राहतात, आणि अर्धी राहिलेली नोंद अर्धी आहे असे पाहणाऱ्यास कळत नाही. ती तीन उत्तरे देणाऱ्या निवेदकाची पूर्ण नोंदच वाटते. पुढे कोणी त्या गावच्या बोलीत पर्यायी शब्द थोडे आहेत असा निष्कर्ष काढला, तर दोष त्या अभ्यासकाचा म्हणता येणार नाही. सातही आज्ञा एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या म्हणजे हा धोका टळतो, ही गोष्ट खरी. पण ते बांधण्याचे भान प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्यास असावे लागते. शब्दसंग्रहात नोंदी घालणारा प्रोग्राम एकच क्वचित असतो. अर्ज एकाने लिहिलेला असतो, जुन्या वह्यांतील नोंदी एकदम चढवणारा प्रोग्राम दुसऱ्याने, आणि दोघेही काही वर्षांनी विभागात नसतात.

याउलट, सातही शब्दांचा एक ॲरे करून तो प्रोसीजरच्या हाती दिला तर खेप एकच होते, आणि पोस्टग्रेसमध्ये अशी एक हाक एका ट्रान्झॅक्शनमध्येच चालते : आत कोठेही चूक निघाली आणि ती आतल्या आत दडपली गेली नाही, तर काहीच नोंदले जात नाही. आणखी एक लाभ जुन्या वह्या चढवताना दिसून येतो. एका आज्ञेबरोबर स्वतंत्रपणे पाठवावयाच्या मूल्यांस पोस्टग्रेसमध्ये ६५,५३५ ची मर्यादा आहे. ॲरे कितीही लांब असला तरी तो एकच मूल्य गणला जातो.

येथे एक मोह आवरला पाहिजे. ॲरे हाती आलाच आहे तर तो तसाच्या तसा एका रकान्यात ठेवून द्यावा, असे सहज वाटते, आणि पोस्टग्रेस त्यास आडकाठी करीत नाही. परंतु ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची मांडणी केली तेव्हापासून, एका रकान्यात एकच अविभाज्य मूल्य असावे, हा त्या विचाराचा पाया राहिला आहे. आपल्या उदाहरणातही तो यथार्थ ठरतो. उद्या ‘ल्योक’ या एकाच शब्दाचे ध्वनिमुद्रण जोडावयाचे झाले, किंवा त्यावर शेरा लिहावयाचा झाला, तर रांगेत अडकलेल्या शब्दास तो जोडणार कसा? रांगेतील घटकास दुसऱ्या तक्त्याशी बांधणारा फॉरिन की हा संबंधही पोस्टग्रेसमध्ये लावता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे, की ॲरेचा उपयोग वाहतुकीपुरता करावा. उंबरठा ओलांडून आत आल्यावर प्रोसीजरने रांग मोडावी आणि प्रत्येक शब्दाची स्वतंत्र ओळ करावी. यासाठी पोस्टग्रेसमध्ये ‘अननेस्ट’ हे फंक्शन आहे, त्यास ‘विथ ऑर्डिनॅलिटी’ हे शब्द जोडले म्हणजे (ही सोय ९.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, आहे) प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा रांगेतील क्रमांकही मिळतो. तो क्रमांक वेगळ्या रकान्यात नोंदला की वहीतील क्रम टिकला.

शब्दांबरोबर शेरेही पाठवावयाचे असतील तर दोन समांतर ॲरे द्यावे लागतात, आणि खरी दक्षता येथे हवी. दोन रांगा एकदम मोडल्या आणि त्यांची लांबी विषम निघाली, तर पोस्टग्रेस तक्रार न करता तोकड्या रांगेच्या शेवटी रिकामी मूल्ये भरतो. मधलाच एखादा शेरा गळला असला तर त्यापुढील प्रत्येक शेरा एक घर वर सरकतो, आणि ‘हा शब्द आता वृद्धांच्याच तोंडी’ हा शेरा भलत्याच शब्दाला चिकटतो. प्रोसीजरने आरंभीच दोन्ही रांगांची लांबी ताडून पाहावी आणि विषम असल्यास नोंद नाकारावी. लांबी मोजण्यातही एक खोच आहे : ‘ॲरे लेंग्थ’ हे फंक्शन रिकाम्या रांगेसाठी शून्य न देता ‘नल’ देते, व नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही. ‘कार्डिनॅलिटी’ हे फंक्शन शून्य देते, तेच वापरावे. तथापि लांबी जुळली म्हणजे जोड्या जुळल्याच असे नव्हे. ज्या शब्दाला शेरा नाही त्याच्या जागी अर्जाने रिकामे मूल्य पाठवलेच पाहिजे.

अर्जाच्या बाजूसही काही अडचणी आहेत. पीएचपीतील ॲरे हा वस्तुतः किल्ली व मूल्य यांच्या जोड्यांचा संच असतो. मधला एक शब्द खोडला तर किल्ल्या ०, २, ३ अशा तुटक उरतात. त्या पुन्हा सलग करून मगच रांग पाठवावी. शिवाय पीएचपी शून्यापासून मोजते आणि पोस्टग्रेस सामान्यतः एकापासून. शब्द स्वल्पविरामाने जोडून पाठवण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण निवेदकाचे उत्तर म्हणजे एखादा वाक्प्रचार असला आणि त्यातच स्वल्पविराम असला, तर एकाचे दोन शब्द होतात. पायथनमध्ये सायकोपीजी या साधनाने यादी थेट ॲरे म्हणून जाते, ही मोठीच सोय आहे.

भाषाभ्यासकाला प्रोसीजरचे जे महत्त्व वाटावे ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. मराठीतील हा अर्थभेदक फरक लेखनात रफार आणि आडवा रकार यांनी दाखवला जातो. युनिकोडमध्ये आडवा रकार निदान तीन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह यांच्या साहाय्याने. डोळ्यास तिन्ही सारखे दिसतात; डेटाबेसला ते तीन वेगळे शब्द वाटतात. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून (२०२०) ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आहे. त्याने पहिल्या दोन रीती एकरूप होतात. तिसरी होत नाही. आणि अदृश्य चिन्हे निरर्थक समजून कोणी ती सरसकट पुसून टाकली, तर तिसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो! म्हणून क्रम असा हवा : प्रथम ‘र’, हलन्त व जॉइनर यांच्या जागी ‘ऱ’ व हलन्त घालावे, मग नॉर्मलाइझ करावे, उरलेले जॉइनर त्यानंतर काढावेत. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत (२००८) आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’ला चंद्राची मात्रा जोडलेली आढळते, आणि नॉर्मलाइझ या दोहोंना एक करीत नाही.

हे संस्करण अर्जात केले तर वह्या चढवणाऱ्या प्रोग्राममध्ये राहून जाते. प्रोसीजरमध्ये केले तर दोन्ही वाटा एकाच दारातून जातात. शोधाच्या वेळीही शोधशब्दांचा ॲरे त्याच संस्करणातून नेऊन मग ‘एनी’ने ताडून पाहावा, एरवी शब्द संग्रहात असूनही सापडत नाही. मात्र संस्कारित रूप केवळ तुलनेसाठी वेगळ्या रकान्यात ठेवावे. पाहणी करणाऱ्याने लिहिलेले मूळ रूप जसेच्या तसे राहिले पाहिजे. त्यावर हात चालवण्याचा अधिकार डेटाबेसला नाही. शब्द परत रांगेच्या रूपात हवे असतील तर ‘ॲरे ॲग’ या फंक्शनला क्रमांकाच्या रकान्यानुसार लावण्याची स्पष्ट आज्ञा द्यावी. न दिल्यास क्रमाची हमी नसते.

सुरक्षिततेविषयी थोडे. प्रोसीजर वापरली म्हणजे एसक्यूएल इंजेक्शनचा धोका संपला, हा समज भाबडा आहे. प्रोसीजरच जर आलेला मजकूर जोडून नवी आज्ञा रचू लागली, तर धोका एका घरातून दुसऱ्या घरात गेला इतकेच. खरा लाभ अधिकारांचा आहे : संकेतस्थळाच्या प्रोग्रामला तक्त्यावर थेट लिहिण्याची परवानगी न देता केवळ ती प्रोसीजर चालवण्याची देता येते. तशी प्रोसीजर तिच्या मालकाच्या अधिकाराने चालेल अशी लिहावी लागते, आणि ती कोणत्या स्कीमामध्ये नावे शोधील हेही तिच्यातच पक्के करावे लागते.

प्रोसीजरवर घेतला जाणारा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. डेटाबेसच्या पोटात दडलेले नियम प्रोग्रामच्या इतर भागांसारखे सहज नजरेस पडत नाहीत, त्यांच्या बदलांचा इतिहास ठेवण्यात हयगय होते, आणि डेटाबेस बदलला तर ते नव्याने लिहावे लागतात. यावर उपाय म्हणून प्रोसीजरचा मूळ मजकूर प्रोग्रामच्या इतर फायलींबरोबरच ठेवावा, आणि तिच्यात सर्व नोंदींस लागू असलेले नियम तेवढे घालावेत. पान कसे दिसावे, यादी कोणत्या क्रमाने दाखवावी, या गोष्टींचे तेथे काम नाही. ज्या विभागाच्या सर्व्हरवर मायएसक्यूएलच आहे, त्याने ॲरेऐवजी शब्दांची यादी जेसन या रूपात पाठवावी, ८.० या आवृत्तीपासून (२०१८) ‘जेसन टेबल’ हे फंक्शन ती मोडून ओळी करते, आणि ‘फॉर ऑर्डिनॅलिटी’ या शब्दांनी प्रत्येक ओळीचा क्रमांकही देते.