काठमांडूची हवा आणि आपले समज

‘डोंगरातलं शहर, म्हणजे हवा चांगलीच असणार’ असं आपण महाबळेश्वरच्या हिशेबाने बोलतो. महाबळेश्वर पठारावर आहे. काठमांडू सुमारे १,३०० मीटर उंचीवर असलं, तरी वसलंय खोऱ्याच्या तळाशी. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण राहतं आणि शहरात जे जळतं त्याचे वायू दुपारचा वारा सुटेपर्यंत तिथेच घोटाळतात.

वास नाही म्हणजे धोका नाही, हाही समज चुकीचा. २०१२-१३च्या हिवाळ्यात ‘सुसकॅट’ या हवेच्या अभ्यासाच्या मोहिमेत मोहालीच्या आयसरच्या संशोधकांनी खोऱ्यातल्या बोडे इथे बाष्पशील सेंद्रिय संयुगं, म्हणजे व्हीओसी, मोजली. बेंझीन सरासरी अब्जात सुमारे २.७ भाग निघालं. नाकाला ते कळायला याच्या शेकडो पट लागतं. पण घनमीटरमागे हे साधारण साडेआठ मायक्रोग्रॅम होतात. भारतातली वार्षिक मर्यादा ५ आहे. ऐन हिवाळ्यातली सरासरी वार्षिक मर्यादेशी ताडणं काटेकोर नव्हे, तरी बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध असताना हा आकडा हलक्यात घेण्यासारखा नाही.

‘सगळा दोष गाड्यांचा’ म्हणणं सोपं आहे. गाड्या आहेतच. पण जानेवारीच्या सुरुवातीला वीटभट्ट्या पेटल्या आणि बेंझीनबरोबर ॲसिटोनायट्राइलही चढलं. हे दुसरं संयुग मुख्यतः लाकूडफाटा, भुसा, पालापाचोळा जळताना निघतं. पेट्रोलच्या धुरात ते नावापुरतंच. दोन्ही एकत्र वाढली, म्हणून संशय भट्ट्यांवर गेला.

असा माग काढायला संयुगं वेगळी ओळखता यावी लागतात. बोडेच्या यंत्रात पाण्याच्या वाफेपासून बनवलेले आयन हवेतल्या रेणूंना एकेक प्रोटॉन देतात आणि मग त्या रेणूंचं वस्तुमान मोजलं जातं. प्रोटॉन जोडल्यावर झाडांतून येणारं आयसोप्रीन भरतं ६९.०७०, तर धुरातलं फ्युरान ६९.०३४. जुन्या यंत्रांना दोन्ही ‘६९’च दिसायची! झाडाचा श्वास आणि जळता कचरा एकाच खात्यात जमा.

घरगुती ‘टीव्हीओसी’ (एकूण व्हीओसी) मीटरकडून मग काय अपेक्षा ठेवायची? त्यातला स्वस्त सेन्सर उदबत्ती, सॅनिटायझर, फोडणी सगळ्यांना मिळून एकच आकडा देतो. खिडकी उघडायची वेळ झाली हे त्यावरून कळेल, बेंझीन कळणार नाही. एन-९५ मास्कचंही तसंच: तो कण अडवतो, वायू आरपार जातात.

आणि एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक? भारताच्या २००९च्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत, बेंझीन धरून. २०१४च्या एक्यूआयमध्ये मात्र आठच, त्यांत बेंझीन नाही. मुंबई-पुण्यात ‘समाधानकारक’ असा हिरवा शेरा दिसला, तरी त्यातून बेंझीनबद्दल काहीच कळत नाही. ते बघायचं तर जिथे ते मोजलं जातं त्या केंद्राची स्वतंत्र नोंद उघडावी लागते.