खोगिरास बांधलेली भाकर

जिवतीच्या पहाडावर कापूस वेचावयास किंवा गुरांमागे दिवसभरासाठी निघालेल्या माणसाच्या फडक्यात ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा ही जी शिदोरी असते, तिच्याकडे दारिद्र्याची खूण म्हणून पाहणाऱ्या नागर वाचकास हे सांगणे अवश्य आहे की, असल्याच रुक्ष अन्नावर मराठी घोडदळाने नर्मदेपलीकडचा मुलूख पायाखाली घातला.

ज्वारीच्या पिठास गव्हाचा चिवटपणा नसल्याने त्यात कढत पाणी घालून ते काठवटीत तळहाताने रगडावे लागते. मग थापलेली भाकर तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी निखाऱ्यासमोर उभी धरून पापुद्रा सुटेतो शेकायची. वाटेसाठीची भाकर पातळ थापून मंद आचेवर कडक करतात, कारण ओलावा उडाला म्हणजे बुरशी सहसा धरत नाही. आणि ज्याच्या घरी दुभते आहे तो पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशमी करतो.

आयर्लंडातही जव आणि ओट यांच्या चपट्या भाकरी प्राचीन काळापासून प्रचलित होत्या. शेजारच्या स्कॉटलंडातील चौदाव्या शतकाच्या स्वारांविषयी तर फ्र्वासार हा फ्रेंच बखरकार नमूद करतो की, ते खोगिराखाली लोखंडी पत्रा आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी बाळगीत. आमच्या बारगिराने तव्याचेही ओझे टाळून भाजलेली भाकरच पडशीत घातली, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पहिल्या बाजीरावाची तसबीर काढावयास निजामाने चितारी धाडला आणि त्यास पेशवा घोड्यावरच ज्वारीची कणसे हातावर चोळून दाणे खाताना दिसला, ही आख्यायिका खरी असो वा नसो. 1728 साली पालखेडास निजामाचा अवजड तोफखाना ज्या चपळाईपुढे हतबल झाला, तिचे मर्म त्या आख्यायिकेत अचूक आले आहे. शिदोरी सरल्यावर मात्र रयतेच्या कणगीवर हात पडण्याचा धोका असे, म्हणूनच शिवाजी महाराजांनी चिपळुणानजीकच्या छावणीस दाणागोटा जपून वापरण्याची आणि रयतेस काडीचाही त्रास न देण्याची सक्त ताकीद दिली होती.

पुढे पेशवाईत डेरे, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा लबेदा लष्करामागे वाढत गेला, आणि पानिपतावर अब्दालीने रसद तोडताच त्या अफाट छावणीची अन्नान्नदशा झाली. 14 जानेवारी 1761 रोजी मराठी फौज रणांगणात उतरली ती उपाशीपोटी.