गाणे संपेपर्यंत हात चोळायचे

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या, याची आठवण मात्र क्वचितच निघते. साताऱ्याच्या खेडोपाडी बायका जात्यावर ओव्या गात आणि दळणाचे कष्ट हलके करीत. बाहुली आणि गाणे ही दोन्ही साधने अशी याच मातीतली. मुलांना आरोग्याच्या सवयी लावताना ती हाताशी घेतली, तर रागवण्याचे प्रसंग कमी होतील.

तीन-चार वर्षांच्या मुलाला जंतू दिसत नाहीत, ‘२० सेकंद’ म्हणजे किती हेही उमजत नाही. गाणे मात्र उमजते. म्हणून तेवढा वेळ पुरेल असे चार ओळींचे गाणे घरीच जुळवावे. त्यात तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखे क्रमाने यावीत. माण-खटाव, जत-आटपाडी यांसारख्या टंचाईच्या भागांतही हे सहज जमते : हात ओले करून नळ बंद करावा, गाणे संपेपर्यंत साबण चोळावा आणि मग थोड्या स्वच्छ पाण्याने हात धुवावेत. जेवणापूर्वी आणि शौचानंतरची ही सवय अतिसारापासून मुलांचे मोठे रक्षण करते.

बाहुलीसाठी जुना पायमोजा पुरतो. डोळे दोऱ्याने भरावेत. बटण तुटून मुलाच्या तोंडात जाऊ शकते. या बाहुलीने उपदेश करू नये, तिने चुकावे. ‘मला दात घासताच येत नाहीत,’ असे ती म्हणाली, की मूलच तिला शिकवू लागते. दिवसभर सूचना ऐकणाऱ्या जिवाला शिकवण्याचा मान मिळतो आणि शिकवता शिकवता कृती त्याच्या अंगवळणी पडते. दात दोन मिनिटे घासावेत. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी शेवटचा हात फिरवावा. किडीची किंवा राक्षसाची भीती मात्र बाहुलीच्या तोंडी कधीही घालू नये. भीतीने लागलेली सवय पाठ फिरताच सुटते.

बाहुलीचे नावीन्य काही दिवसांनी ओसरेल. तोवर वेळ आणि जागा ठरून गेलेली असावी, आणि आई-बाबा, आजी-आजोबाही त्याच गाण्यावर हात चोळत असावेत. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.