जहाजाच्या भिंतीतले भोक

पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजाला आगीचे भय कसले, असे एखाद्याला वाटेल. प्रत्यक्षात खलाशी वादळाइतकाच आगीला भितो. गावात घर पेटले तर माणसे बाहेर धावतात, शेजारी घागरी-बादल्या घेऊन येतात, थोड्या वेळाने बंबही येतो. भर समुद्रात पळायला जागा नसते आणि बंब येत नाही. पाणी चारी बाजूंना असते हे खरे. पण ते आगीवर बेसुमार ओतले तर जहाजातच साठते आणि जहाज कलंडू लागते.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘विंध्यगिरी’ ही युद्धनौका १९८१ साली नौदलात दाखल झाली. ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराजवळ तिची एका व्यापारी जहाजाशी टक्कर झाली आणि तिला आग लागली. माणसे सुखरूप उतरली. पण दुसऱ्याच दिवशी ती नौका बंदरातच बुडाली. आग आणि पाणी हे जहाजाचे शत्रू असे पाठोपाठ येतात.

म्हणून जहाज बांधणारे आग विझवण्याआधी तिला कोंडण्याचा विचार करतात. जहाजाचे पोट पोलादी आडभिंतींनी आणि मजल्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेले असते. या भिंतींना बल्कहेड व मजल्यांना डेक म्हणतात. महत्त्वाच्या भिंतींवर खनिज लोकरीचे आवरण चढवतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ‘ए-६०’ दर्जाच्या भिंतीची भट्टीत परीक्षा होते. तासाभरात भट्टीचे तापमान सुमारे ९४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. तेवढ्या वेळात ज्वाला किंवा धूर पलीकडे जाता कामा नये. शिवाय पलीकडच्या बाजूचे तापमान मूळ तापमानापेक्षा सरासरी १४० अंशांहून आणि कोणत्याही एका ठिकाणी १८० अंशांहून अधिक वाढता कामा नये. ही दुसरी अट का, हे ध्यानात घ्या. खोलीचे तापमान ३० अंश धरले तर १८० अंशांच्या वाढीने ते २१० होईल. कागद साधारण २३० अंशांच्या आसपास पेटतो. म्हणजे ज्वाला न पोचताही पलीकडच्या वस्तू पेट घेण्याच्या उंबरठ्यावर येतात.

आता खरी अडचण पाहू. इतकी भक्कम भिंत उभी केली, की वीजतंत्री येतो आणि तिला भोके पाडतो! त्याचाही नाइलाज असतो. दिवे, पंप, रडार, सुकाणू या साऱ्यांना केबल लागते. २०२२ मध्ये नौदलात आलेल्या नव्या ‘विक्रांत’वर दोन हजारांहून अधिक कप्पे आहेत आणि दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या केबली आहेत. एवढ्या केबली किती भिंती आणि किती डेक ओलांडत असतील याची कल्पनाच करावी.

अशा भोकातून काय घडू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र जहाजावरचे नसून वीजकेंद्रातले आहे. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे नाव गंगाखेडच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. अशा कोणत्याही मोठ्या केंद्रात केबलींचे जुडगे भिंतींतून आरपार जातात. अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात २२ मार्च १९७५ रोजी कामगार केबलीच्या भोकांतून हवा गळते का हे तपासत होते. तपासण्याचे साधन कोणते? पेटती मेणबत्ती! ज्योत भोकाकडे ओढली गेली, की गळती आहे असे समजायचे. भोकात भरलेला प्लॅस्टिकचा फेस ज्वालाग्राही होता. तो पेटला. पलीकडच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असल्याने आग भोकातून तिकडे खेचली गेली. ती सुमारे सात तास चालली आणि सोळाशेहून अधिक केबली निकामी झाल्या. भोक बुजवलेले होते, पण चुकीच्या पदार्थाने.

मग योग्य पदार्थ कोणता? येथे दोन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला प्रश्न तांब्याचा. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे, पोलादाच्या सुमारे आठपट आणि खनिज लोकरीच्या तर जवळजवळ दहा हजारपट. भिंतीला लोकरीचे पांघरूण घातले तरी केबलीतील तांब्याची तार उष्णता सरळ पलीकडे नेते. वर्गात हे पाहता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली सारख्या जाडीच्या तांब्याच्या व लोखंडाच्या तारांवर मेणाने टाचण्या चिकटवा आणि दोन्ही तारांची टोके एकाच ज्योतीत धरा. तांब्यावरच्या टाचण्या आधी गळून पडतील. यावर उपाय म्हणून भिंतीजवळ केबलीभोवतीही काही अंतरापर्यंत उष्णतारोधक आवरण देतात आणि भोकातले भरण पुरेसे जाड ठेवतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. केबलीवरचे प्लॅस्टिक आगीत मऊ पडते, वितळते, जळून जाते. आज घट्ट बसवलेले बूच उद्या आगीत आपोआप सैल होते, कारण आतली केबलच बारीक झालेली असते. त्या फटीतून ज्वाला जातात आणि बहुतेक वेळा त्याआधी धूर जातो. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. ती डोळे व फुप्फुसे होरपळवते.

म्हणजे भरण असे हवे, की आग लागताच ते स्वतः फुगून फट भरून काढील. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटताना आपण पाहतो. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा कितीतरी पटींनी फुगतो. दिवाळीतली नागगोळीही तशीच. इवल्याशा गोळीतून राखेचा लांबलचक साप निघतो. आग रोखणाऱ्या भरणात विशेष प्रक्रिया केलेले ग्रॅफाइट वापरतात. त्याच्या थरांमध्ये आम्ल शिरवलेले असते. तापताच त्याचे वायू होऊन थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात. मागे उरतो तो सच्छिद्र कोळसा. त्यात हवा अडकलेली असल्याने तो उष्णतेचा वाहक म्हणून अगदी निकृष्ट असतो, आणि येथे तेच आपल्याला हवे आहे.

सिमेंट का भरत नाहीत, असे कोणी विचारील. जहाज सतत थरथरते, लाटांवर किंचित वाकतेही. कडक सिमेंटला तडे जातात आणि मग पाणीही आत येते. म्हणून भोकात पोलादी चौकट वितळजोड करून बसवतात. तिच्यात रबराचे चौकोनी ठोकळे रचतात. प्रत्येक ठोकळा दोन अर्ध्यांचा असतो आणि त्यात केबलीच्या जाडीची खाच असते. जिथे केबल नाही तिथे भरीव ठोकळा. शेवटी पाचर आवळली, की सारे ठोकळे केबलींवर दाबले जाऊन चौकट पाणी आणि वायू दोन्ही अडवते. कारागिराने केबलीची जाडी मोजण्यात आळस केला, तर मात्र ही सारी रचना फुकट.

माझ्या मते खरा धोका नव्या जहाजात नसतो, तो पाच-दहा वर्षांनी येतो. एखादे नवे यंत्र बसते, त्याची एक केबल ओढायची असते, ठोकळा काढला जातो आणि परत बसवायचा राहतो. कधी त्या जागी चिंधी कोंबली जाते. ही भोके छताच्या पत्र्यांमागे नाही तर यंत्रांच्या पाठीमागे असतात, सहज दिसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक भोकाला क्रमांक देऊन नोंद ठेवणे आणि दुरुस्तीनंतर पत्रे उघडून, विजेरीच्या उजेडात एकेक भोक पाहणे, हेही पाचर आवळण्याइतकेच जरुरीचे काम मानले जाते.