आधी तयार होऊ दे, मग नोकरी?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या नोकरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आधी पूर्ण तयार तर होऊ दे, मग बघू.’ पालक म्हणतात, कॉलेजचा प्लेसमेंट सेल म्हणतो, कंपनीतले एचआरवाले तर फारच गोड आवाजात म्हणतात. या शहाणपणापायी अठराव्या वर्षी कार्यशाळेत बसलेला मुलगा चाळिशीतही तिथेच पाकिटं चिकटवत असतो. एवढी वर्षं तयारी चाललीय ती कशाची, हे कुणी विचारत नाही. दिवाळीत त्याने रंगवलेल्या पणत्यांचा स्टॉल कंपनीच्या लॉबीत लागतो, साहेबांचे फोटो निघतात, आणि वरच्या मजल्यावरची रिकामी जागा रिकामीच राहते.

ही मुलं सावकाश शिकतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरणंही त्यांना जड जातं, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात गॅसवर फक्कड चहा करणारी मुलगी ऑफिसातल्या मशीनपुढे पुन्हा पहिल्या पायरीवर असते. म्हणजे कार्यशाळेतली दहा वर्षं तिला मुख्यतः कार्यशाळेसाठीच तयार करतात! म्हणून क्रम उलटा हवा : आधी जागा द्या, मग त्या जागेवरच शिकवा. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून आधारासह रोजगाराची पद्धत याच क्रमावर उभी आहे.

हे भाबडेपणाने म्हणत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क गोल्ड यांनी १९७०च्या दशकात, ज्यांच्याकडून कुणी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती अशांना सायकलचा ब्रेक सुट्या भागांतून जोडायला शिकवलं. १९९६मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात आपत्कालीन विभागातलं साहित्य वेळेवर भरलेलं नसे. विभागाच्या नर्सिंग प्रमुखांनी ते काम अक्षमता असलेल्या तरुणांना द्यायचं ठरवलं. त्यातून निघालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी वर्षभर रुग्णालयातच असतात आणि आळीपाळीने वेगवेगळ्या विभागांत काम करतात. २००८च्या उच्च शिक्षण कायद्याने अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त कॉलेज अभ्यासक्रमांसाठी सरकारी अर्थसाहाय्यही खुलं झालं. तिथल्याच २००९च्या एका अभ्यासात, कॉलेजात गेलेल्या अशा तरुणांना पगारी नोकरी मिळण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी जास्त आणि आठवड्याची कमाई ७३ टक्क्यांनी जास्त आढळली. कॉलेजात जाणारी मुलं मुळातच जरा पुढची असतील, ही शंका रास्त आहे. पण वाट बघत बसल्याने कमाई वाढते, असं दाखवणारा अभ्यास माझ्या तरी पाहण्यात नाही.

जागेवर शिकवायचं म्हणजे काय, ते कँटीनमधलं टेबल घेऊन बघा. ‘जरा नीट पूस’ म्हटलं की गाडी अडते, कारण नीट म्हणजे कसं ते सांगितलेलंच नाही. जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागीच शिकवणारा प्रशिक्षक, कामाचे तुकडे पाडतो : फडका भिजव, पीळ, खिडकीकडच्या कोपऱ्यापासून सुरू कर, उष्टं ताटात ओढ, शेवटी कोरडा फडका फिरव. प्रत्येक पायरीचा फोटो भिंतीवर. आधी तो स्वतः करून दाखवतो, मग शेजारी नुसता उभा राहतो, मग दारापाशी जातो आणि एक दिवस येतच नाही. अडलंच तर काउंटरवरचे काका सांगतात. खरं सांगायचं तर असं शिकवलं तर नव्या लागलेल्या कुणाचंही भलंच होईल.

उरलेले गैरसमज थोडक्यात. ‘वेडाचा झटका आला तर?’ बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मनोविकार असलेल्यालाही हा प्रश्न विचारू नये. ‘गिऱ्हाइकासमोर कसं उभं करायचं?’ लेमन ट्री हॉटेलांत डाउन सिंड्रोम असलेले कर्मचारी काम करतात. मुंबईत जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये जाऊन अशाच कर्मचाऱ्यांकडे ऑर्डर देऊन बघा. ‘सरकारी आरक्षण यांना नाहीच’ हे १९९५च्या कायद्यापुरतं खरं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मनोविकार आणि बहुविकलांगता यांना मिळून दिलाय. एका टक्क्यात एवढे वाटेकरी, ही तक्रार मात्र योग्यच. ‘खाजगी कंपनीला काही बंधन नाही’ हेही चूक. याच कायद्याच्या २०१७च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी असावी लागते. एचआरला ती मागून बघा, गोड आवाज जरा खाली येतो.

आणि ‘यांना पैशातलं काय कळतंय, हजार-पाचशे मानधन पुष्कळ झालं’ म्हणणाऱ्यांनी २०१६च्या कायद्याचं कलम १३ वाचावं. स्वतःचे आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीने स्वतः सांभाळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. तेव्हा पूर्ण पगार द्या, आणि तो मुलाच्या खात्यात जमा करा, बाबांच्या नव्हे.